पालथी सीडी

मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत नाशिकहून मामेभावाचा फोन आला. "ताई, तू आजीच्या सीड्यांचा संच दिला होतास ना, तो कोरा आहे गं. अकराच्या अकरा. एकीवरही काही लिहिलेलं नाही. टाकून देऊ का?"

"थांब," मी म्हटलं. "एकीलाही हात लावू नकोस."

त्या सीड्यांवर लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं, २००८ साली, आणि तेही पेनानं नाही, लेझरनं. प्रत्येकीवर आजीचा फोटो, खाली क्रमांक आणि विषय. मामानं कधीकाळी टेपरेकॉर्डर समोर ठेवून आजीला बोलतं केलं होतं, त्याच्या साठ मिनिटांच्या अकरा कॅसेट होत्या. बालपण, लग्न, रेशनच्या रांगा, आणि सातव्या कॅसेटवर १२ जुलै १९६१: पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी नारायण पेठेतल्या वाड्यात काय झालं, ते तिच्या तोंडून. एका कॅसेटची एक सीडी, असे मी तीन संच केले. पुढे घर बदलताना बुरशी धरलेल्या कॅसेट टाकल्या. ज्या हार्डडिस्कवर मूळ फाइली होत्या ती गेली. माझा संच एका नातेवाइकांकडे जाऊन परत आला तेव्हा सातव्या नंबरची डबी रिकामी होती. मावशीच्या संचाचा पत्ता नाही. म्हणजे पुराची हकिगत उरली होती ती फक्त मामेभावाच्या कपाटात, आणि त्याला ती कोरी वाटत होती.

भावाची चूक नव्हती. त्यानं सीड्या कौतुकानं खिडकीजवळच्या उभ्या स्टँडवर, दर्शनी भागात लावून ठेवल्या होत्या. पंधरा वर्षांच्या उजेडानं आजीचा चेहरा पुसून टाकला. आणि "यांच्यावर पेनानं काही लिहायचं नाही हं," अशी तंबी त्याला मीच दिली होती. कोरलेल्या सीड्या कोऱ्या कशा झाल्या, याचा विचार करताना मला त्या सगळ्या उद्योगाचा इतिहास पुन्हा आठवत गेला. तो लहानसा आहे, जेमतेम दहा-बारा वर्षांचा. पण आपल्याकडच्या वस्तूंवर आपण कोणाच्या जिवावर नावं घालतो, हे मला त्यानं शिकवलं.

*

मुळात सीडीवर नाव घालणं हा प्रश्नच का होता, ते आधी सांगायला हवं. १९८२ मध्ये फिलिप्स आणि सोनी यांनी बाजारात आणलेली सीडी छापखान्यातून येई, तिच्यावरचं नावही छापूनच येई. घरी रेकॉर्ड करता येणारी सीडी स्वस्त झाली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आणि तेव्हा घरोघरी एकसारख्या दिसणाऱ्या चकत्यांचे ढीग झाले. बहुतेकांनी हाताला लागेल तो मार्कर घेतला.

यात एक मेख आहे. आपल्याला वाटतं की सीडीची चमकदार बाजू नाजूक आणि लेबलची बाजू दणकट. प्रत्यक्षात उलट आहे. सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या चकतीत माहितीचा थर लेबलच्या बाजूला, लाखेच्या एका पातळ लेपाखाली असतो. खालून ओरखडा गेला तर लेझर बहुतेक वेळा त्याच्यापलीकडचं वाचू शकतो. वरून खरवडलं तर थरच निघतो. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असल्यानं ती जरा सुरक्षित. म्हणून टोकदार बॉलपेन वाईट, उग्र वासाच्या द्रावणाचा मार्करही शंकास्पद. कागदी स्टिकर तर त्याहून वाईट: बावन्नपट वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेरे घेते, तिथे केसभर वाकडा चिकटलेला कागदही तिला थरथरवतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २००३ मध्ये ग्रंथपालांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत चिकट लेबलं टाळा आणि पाण्याच्या शाईचा मार्कर वापरा, असंच सांगितलं होतं.

तो सल्ला मी वाचला होता. पण आजीच्या सीडीवर मार्करनं "७. पूर" असं खरडायचं, हे माझ्या मनाला पटेना.

*

ज्या लेझरनं माहिती लिहितो त्याच लेझरनं नाव का लिहू नये, ही कल्पना यामाहाच्या अभियंत्यांना आधी सुचली. २००२ मध्ये त्यांच्या सीआरडब्ल्यू-एफ१ या रायटरमध्ये 'डिस्क टॅटू' नावाची सोय आली. सीडी भरून जी जागा रिकामी उरेल, तिथे लेझर अशा प्रकारे खुणा करी की गडद-फिकट पट्ट्यांतून अक्षरं दिसावीत. अर्थात ही अक्षरं चमकदार बाजूला उमटत, आणि सीडी काठोकाठ भरली असेल तर जागाच नसे.

लिनक्सवाल्यांना ही सोय जवळजवळ लगेच मिळाली, कारण सीडी लिहिण्याचं काम तिथे ज्या सीडीरेकॉर्ड या प्रोग्रामवर चाले, त्याचा बर्लिनमधला लेखक यॉर्ग शिलिंग अशा बाबतींत कमालीचा चिकाटीचा होता. स्वभावानं भांडकुदळ म्हणूनही तो प्रसिद्ध. परवान्याच्या वादातून डेबियनच्या मंडळींनी २००६ मध्ये त्याच्या प्रोग्रामची वेगळी शाखाच काढली. २०२१ मध्ये तो गेला. पण त्याच्या प्रोग्रामच्या माहितीपत्रकात या टॅटूची रीत आजही वाचायला मिळते, आणि ती वाचताना मौज वाटते. चित्राची प्रत्येक ओळ ३७४४ बिंदूंची हवी. ओळी फार तर ३२०. शून्यावी ओळ म्हणजे सीडीचा मध्यबिंदू. म्हणजे चौकोनी चित्र गोल गुंडाळलं जाणार, त्यामुळे ते आधीच उलट्या दिशेनं विकृत करून ठेवायचं, की सीडीवर सरळ दिसेल. शिवाय आरशातल्यासारखं उलटं, कारण आपण ते लेझरच्या बाजूनं बघणार. यात सौंदर्य कुठेच नाही, खिडक्या-बटणं नाहीत. पण लपवलेलंही काही नाही. कोणाला आज त्या जुन्या यंत्रावर नाव कोरायचं असेल, तर कसं, ते लिहून ठेवलेलं आहे.

यामाहा लवकरच सीडी रायटरच्या धंद्यातून बाहेर पडली. पुढे २००५ मध्ये तिनं फुजीफिल्मबरोबर याच कल्पनेतून 'लेबलफ्लॅश' काढलं. पण तोवर दुसऱ्याच एका युक्तीनं बाजार काबीज केला होता.

*

ती युक्ती ओरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिसमध्ये, एचपीच्या डॅरिल अँडरसन या अभियंत्याच्या डोक्यातून निघाली. लेबलच्या बाजूलाच असा रंगलेप द्यायचा की सीडी लिहिणाऱ्या ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त लेझरनं तो गडद होईल. मग वेगळा छापयंत्राचा भाग लागतच नाही. आधी सीडी नेहमीसारखी लिहा, मग बाहेर काढा, पालथी घाला, आणि तोच लेझर तिच्या पाठीवर चित्र काढतो. २००४ च्या सुरुवातीला एचपीनं याची घोषणा केली, साधारण वर्षभरानं वस्तू दुकानांत आल्या. नाव 'लाइटस्क्राइब'.

पालथ्या घड्यावर पाणी टिकत नाही, पण पालथ्या सीडीवर चित्र उमटे, आणि ते बघण्यासारखं असे. लेझर आतल्या वर्तुळापासून सुरुवात करून एकेक वर्तुळ बाहेर सरके. नुसत्या दोन ओळी असतील तर काही मिनिटं, सगळी चकती भरायची तर अर्धा तास. रंग एकच, तपकिरी-करड्या छटांचा. जुन्या फोटोला तो इतका शोभे की आजीचा फोटो जणू त्याच्यासाठीच काढला होता असं वाटावं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडलेली. या सीड्यांच्या आतल्या कडेला बारीक रेघांचं एक कडं छापलेलं असे. ते वाचून ड्राइव्हला नेमकं कळे की चकती या क्षणी किती कोनात आहे. त्यामुळे एकदा छापलेली सीडी महिन्याभरानं पुन्हा घातली तरी नवी अक्षरं जुन्याच्या शेजारी नेमकी बसत. तेच चित्र पुन्हा छापलं तर ते आधीच्यावर तंतोतंत पडे आणि जास्त गडद होई. हे कडं पुढे माझ्या कामी येणार होतं.

सुरुवातीला हे सगळं विंडोज आणि मॅकपुरतं होतं. २००६ च्या सुमारास लिनक्सची पाळी आली. एचपीनं लाइटस्क्राइबची मूळ लायब्ररी लिनक्ससाठी बांधून दिली, तिच्यासोबत साधी अक्षरं आणि नक्षीची किनार छापणारा 'सिंपल लेबलर' दिला. हार्डडिस्कसाठी ओळखल्या जाणाऱ्या लासी कंपनीनं 'फोर-एल' नावाचा प्रोग्राम फुकट वाटला, त्यात हवं ते चित्र छापता येई. दोन्ही चालत त्या एकाच मूळ लायब्ररीवर. आणि ती लायब्ररी होती बंद: तयार यंत्रभाषेतली, ३२-बिटची, आत काय आहे ते न दाखवणारी.

*

२००८ च्या उन्हाळ्यात मी उबुंटू घातलं होतं, एप्रिलमध्ये आलेलं ८.०४. आजीच्या कॅसेट ऑडासिटीत उतरवल्या, के३बी या प्रोग्रामनं सीड्या लिहिल्या, आणि मग लेबलाकडे वळले. पॅकेज मिळालं ते रेड हॅटच्या पद्धतीचं, आरपीएम. उबुंटूला लागतं डेब. मधला दुभाष्या म्हणून 'एलियन' नावाचा एक प्रोग्राम होता, त्याच्याकडून रूपांतर करून घेतलं. मग कळलं की साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात ड्राइव्ह सापडतच नाही, रूट होऊनच चालवावं लागतं. ज्या प्रोग्रामच्या आत काय आहे हे मला दिसत नाही, त्याच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या द्यायच्या, हे तेव्हाही जरा खटकलं. पण समोर आजीचा फोटो होता. मी किल्ल्या दिल्या.

खरी कसरत मराठीची झाली. अक्षरं मी इंकस्केपमध्ये लोहित फाँटनं जुळवत होते. सीडीच्या गोलाईवर ओळ वळवली की रोमन अक्षरं गुमान वळतात, कारण ती मुळातच सुटी. देवनागरीचं तसं नाही. प्रत्येक अक्षर आपापल्या कोनात फिरलं की शिरोरेषा सांध्यासांध्यावर तुटते, आणि 'पानशेत' हा शब्द भूकंपानंतरच्या वाड्यासारखा दिसायला लागतो. शेवटी मी गोलाईचा नाद सोडला. फोटो वर, अक्षरं खाली सरळ रेषेत. बीएमपी चित्र केलं, सीडी पालथी घातली, दर्जा 'उत्तम' निवडला. अर्ध्या तासानं ट्रे बाहेर आला आणि आजी माझ्याकडे बघत होती.

अकरा सीड्यांचे तीन संच, म्हणजे तेहतीस वेळा अर्धा तास. आठवडाभर संध्याकाळी मी दुसरं काही केलं नाही. लाइटस्क्राइबची लेबलं उजेडापासून जपा, अंधारात ठेवा, असं पाकिटावर लिहिलेलं असे. ते मी वाचलं होतं. भावाला सांगायला मात्र विसरले. पेनानं लिहू नको एवढंच सांगितलं.

*

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची एक कथा नेहमी सांगितली जाते. १९८० च्या आसपास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक नवा लेझर प्रिंटर आला. तो अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रामात रिचर्ड स्टॉलमननं दुरुस्ती करून ठेवली होती, की कागद अडकला तर सगळ्यांना निरोप जावा. नव्याचा मूळ प्रोग्राम त्याला कोणी देईना. त्या रागातून जे सुरू झालं त्यानं १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाचं रूप घेतलं, आणि पुढे लिनक्सच्या आसपासचा सगळा संसार उभा राहिला.

म्हणजे या घराची पायाभरणीच एका बंद प्रिंटरच्या रागातून झाली होती. आणि पंचवीस वर्षांनी मी त्याच घरात, एक बंद प्रिंटर आनंदानं आणून ठेवला होता. माझा रायटर म्हणजे दुसरं काय होतं? गोल कागदावर छापणारा लेझर प्रिंटरच. लेझरला 'इथे जळ, इथे जळू नको' हे कोणत्या शब्दांत सांगायचं, ते त्या एका लायब्ररीला माहीत. यामाहाच्या टॅटूची रीत माहितीपत्रकात उघडी होती, लाइटस्क्राइबची कुलपात.

किल्लीवाला असेपर्यंत कुलूप जाणवत नाही. पेन ड्राइव्ह आले, गाणी फोनवर गेली, लॅपटॉपमधून सीडीची खाचच गेली. २०१३ मध्ये लाइटस्क्राइबचं संकेतस्थळ बंद झालं, आणि मूळ लायब्ररी अधिकृतपणे मिळण्याची जागा गेली. त्यानंतर लिनक्सच्या जगातूनही ३२-बिटचा जमाना ओसरू लागला. उबुंटूनं २०१७ मध्ये डेस्कटॉपसाठी ३२-बिटची आवृत्ती काढणं थांबवलं. जून २०१९ मध्ये तर ३२-बिटच्या लायब्ररीही पुढच्या आवृत्तीपासून देणार नाही असं जाहीर केलं. खेळ आणि वाइन वापरणाऱ्यांनी इतका गिल्ला केला की आठवड्याभरात त्यांना निवडक लायब्ररी ठेवण्याचं कबूल करावं लागलं. मूळ प्रोग्राम उघडा असता तर कोणीतरी एका दुपारी तो ६४-बिटसाठी पुन्हा बांधला असता. जगात हजारो जुने प्रोग्राम असेच जिवंत आहेत. इथे बांधायला काही हातातच नव्हतं.

*

भावानं सीड्या स्वतः आणून दिल्या. टेबलावर अकरा पालथ्या चकत्या मांडल्या. तिरक्या उजेडात नीट पाहिलं तर दोन-तीन ठिकाणी पदराच्या काठाची पुसटशी रेघ दिसे, बाकी सपाट. सातवी कोणती, हे वाजवूनच शोधायचं. बाहेरून जोडायचा माझा जुना रायटर माळ्यावर होता. पाचव्या प्रयत्नात आजीचा आवाज आला, "सकाळी पाऊस म्हणजे काय, नेहमीचाच," आणि आम्ही दोघं गप्प बसलो.

सीडीपॅरानोइया हा प्रोग्राम सीडीचा एकेक तुकडा तपासून, शंका आली तर पुन्हापुन्हा वाचून उतरवतो. त्यानं सातव्या सीडीला पाऊण तास घेतला, दोन ठिकाणी बराच अडखळला, पण सगळं उतरवलं. बाकीच्या दहाही उतरल्या. खरं तर काम इथेच संपलं होतं. पण भाऊ म्हणाला, "ताई, आजी परत छापता येईल का?"

फोर-एल शोधलं. जालावर विश्वासानं उतरवून घ्यावं असं काही दिसेना. मग जुन्या डब्यात एक साधी, कोणत्याही लेपाची नसलेली सीडी सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात मार्करनं लिहिलं होतं: "लिनक्स, सटरफटर, २००८". तिच्यात दोन्ही पॅकेजं होती, आणि अकराही लेबलांची बीएमपी चित्रंही. पंधरा वर्षांपूर्वी मी जिची काडीचीही सजावट केली नव्हती, तिचं नाव ठळक वाचता येत होतं.

आता माझ्याकडे ६४-बिटचं डेबियन आहे. पॅकेज बसवलं, प्रोग्राम चालवला. उत्तर आलं: अशी फाइल अस्तित्वात नाही. फाइल तर समोर दिसत होती! या निरोपानं पूर्वी अनेकांना वेड लावलंय. त्याचा खरा अर्थ, ३२-बिटचा प्रोग्राम उचलून चालवणारा जो छोटा मदतनीस लागतो, तो तुमच्याकडे नाही. पण निरोप म्हणतो, प्रोग्रामच नाही. माझ्या मनात आलं, भावाचंही हेच झालं होतं. सीडी समोर, आत आजी बोलतेय, आणि वरवर पाहणाऱ्याला वाटतंय की इथे काहीच नाही.

डेबियनला ३२-बिटचीही पॅकेजं घ्यायला सांगितलं, मूळ लायब्ररीला काय काय लागतं त्याची यादी काढली, एकेक करून पुरवलं. खिडक्यांचा प्रोग्राम उघडलाच नाही. टर्मिनलमधून चालणारा उघडला, ड्राइव्ह ओळखली, चित्र स्वीकारलं. पुन्हा एकदा रूट होऊन, पुन्हा एकदा सगळ्या किल्ल्या देऊन, पण या वेळी महत्त्वाचं काही नसलेल्या संगणकावर. सातवी सीडी पालथी घातली. आतल्या कड्यावरच्या रेघा उजेडानं पुसल्या नव्हत्या. लेझरनं त्या वाचल्या आणि आजीचं नवं चित्र जुन्या पुसट चित्रावर नेमकं आणून बसवलं. रंग पहिल्यासारखा गडद आला नाही. पदराचा काठ आला, चष्मा आला, "७. पूर" वाचता आलं.

बाकीच्या दहा छापल्या नाहीत. आवाजाच्या फाइली चार घरी चार ठिकाणी ठेवल्या, प्रत्येकीच्या नावातच क्रमांक, विषय आणि आजीचं नाव घातलं, म्हणजे कोणत्याही संगणकावर, कोणाचीही परवानगी न घेता वाचता येईल. सीड्या अंधाऱ्या डब्यात गेल्या. भाऊ निघताना मी पाण्याच्या शाईचा मार्कर आणला आणि अकराही सीड्यांच्या मधल्या पारदर्शक कड्यावर, जिथे माहिती नसते तिथे, क्रमांक घातले. सातवीवर क्रमांकाशेजारी 'पूर' एवढं लिहिलं. माझं अक्षर काही देखणं नाही.

"तू तर पेन लावायचं नाही म्हणाली होतीस," भाऊ म्हणाला.

"म्हणाले होते," मी म्हटलं, आणि मार्करही त्याला देऊन टाकला.